पीआर मिळेल रे, विमान मिळेल का?

ऐरोलीहून एका वाचकाचं पत्र आलंय. चार पानी आहे, कामापुरतं देतो.

“काका, सा. न. वि. वि. वय ३२, येत्या फेब्रुवारीत ३३ पूर्ण होतील. बी. ई. मेकॅनिकल. सुरुवातीची तीन वर्षं स्पर्धा परीक्षांत गेली. गेली साडेसहा वर्षं एका विमान कंपनीच्या टेक्निकल सर्व्हिसेस विभागात आहे, सांताक्रूझला. बायको २९ वर्षांची, बी. एस्सी. नर्सिंग, ठाण्यात स्टाफ नर्स. आई-बाबा आमच्याबरोबरच राहतात, मी एकुलता एक. फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. ऑस्ट्रेलियाला जायचं डोक्यात आहे. वाशीच्या एका एजंटाने साडेतीन लाखांत ‘वर्षभरात पीआर (कायमच्या वास्तव्याचा व्हिसा), गॅरंटी’ सांगितली आहे. सीडीआरही, म्हणजे माझ्या इंजिनीअरिंगच्या कामाचा अहवालही, तेच लिहून देणार. फेब्रुवारीनंतर वयाचे पाच गुण कमी होतील, म्हणून शनिवारच्या आत पहिला हप्ता भरा म्हणतात. मला तिथे विमानांवरच काम करायचंय, दुसरं काही नको. काय करू?”

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी एक रुपयाही भरू नकोस. पुढचं सगळं सावकाश वाचलंस तरी चालेल.

व्हिसा द्यायचा की नाही हे तिथलं गृह खातं ठरवतं. तेव्हा गॅरंटी देणारा माणूस दुसऱ्याच्या दुकानातला माल विकतोय. ऑस्ट्रेलियातल्या नोंदणीकृत एजंटाला सात आकडी क्रमांक असतो आणि ती यादी सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. भारतात बसून धंदा करणाऱ्याला ही नोंदणी सक्तीची नाही, म्हणून तर गाळ्यागाळ्यांत कांगारूचे बोर्ड दिसतात. त्याच्याकडे क्रमांक माग. दिला तर यादीत ताडून बघ. ‘तो आमच्या मेलबर्नच्या साहेबांचा आहे’ असं म्हणाला, तर त्या साहेबांशी तू स्वतः बोल. आणि उद्या कुणी ‘नोकरीसकट स्पॉन्सरशिप देतो, एवढे द्या’ म्हणालं तर चहासुद्धा न पिता उठून ये. स्पॉन्सरशिपसाठी पैसे घेणं आणि देणं, दोन्ही तिथे कायद्याने मना आहे.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. १९९८ साली मी दादरच्या एका एजंटाकडे चाळीस हजार भरले होते. माझे तेव्हाचे चार महिन्यांचे पगार. तिसऱ्या खेपेला गेलो तर शटरवर झेरॉक्सवाल्याची नवी पाटी. घरी हिने त्या पैशांचा आजतागायत एकदाही विषय काढलेला नाही, म्हणून तर ते जास्त टोचतात.

आता त्या पाच गुणांचं. हा व्हिसा वय, पदवी, अनुभव, इंग्रजी अशा गुणांच्या बेरजेवर मिळतो, आणि जास्त गुणवाल्यांना अर्ज करायचं निमंत्रण येतं. वयाचं त्याने खरं सांगितलंय, पण अर्धंच. २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५. वय धरतात ते निमंत्रण येईल त्या दिवसाचं, अर्ज नोंदवल्या दिवसाचं नव्हे. म्हणजे फेब्रुवारीच्या आत तुझी इंग्रजीची परीक्षा व्हायला हवी, इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया या तिथल्या संस्थेकडून पदवीचं आणि कामाचं मूल्यांकन हातात यायला हवं, स्किलसिलेक्ट या सरकारी यादीत नाव नोंदवून झालेलं हवं आणि वर त्यांनी नेमकं त्याच दिवसांत तुला बोलवायला हवं. शनिवारी हप्ता भरल्याने यातलं काय लवकर होणार आहे? शिवाय अनुभवाचा हिशेब त्याने सांगितलाच नाही. पाच वर्षांच्या अनुभवाला १०, आठ वर्षांना १५. वय जे पाच नेईल ते अनुभव दीड वर्षात परत आणून देईल.

बेरीज कर. वय ३०, पदवी १५, अनुभव १०. झाले ५५. आयईएलटीएसमध्ये चारही भागांत ७ आले तर १०, चारही भागांत ८ आले तर २०. म्हणजे ६५ किंवा ७५. पात्रतेची रेषा ६५ आहे, पण ६५ म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. खिडकीपाशी पोचायला तुझ्यासारख्या इंजिनीअरला बरेच जास्त लागतात. त्यामुळे साडेतीन लाखांआधी वर्षभर इंग्रजीवर घाम गाळ. सातावरून आठावर जाण्याचे दहा गुण मिळतात, आणि बहुतेकांचं घोडं लेखनात अडतं. आपण इंजिनीअर लोक टास्क कार्डाच्या भाषेत लिहायला शिकलेलो असतो, ‘काढलं, तपासलं, बसवलं’. परीक्षकाला परिच्छेद हवा असतो.

आणखी पाच गुण आपल्या मायबोलीत आहेत, ते फार जणांना ठाऊक नसतात. नाटी नावाची तिथली संस्था दुभाष्यांची एक छोटी परीक्षा घेते, त्यात मराठी आहे. ऑनलाइन होते. दोन संवाद असतात. एकीकडे इंग्रजी बोलणारा अधिकारी, दुसरीकडे मराठी बोलणारी कुणी बाई, मध्ये तू. ९० पैकी ६३ मिळवायचे. सोपं वाटतं ना? मग आत्ता मोठ्याने म्हणून बघ: ‘तुमच्या घरमालकाने अनामत रक्कम भाडेकरू मंडळाकडे जमा केली नसेल तर तुम्हाला तक्रार करता येते.’ हे वाक्य इंग्रजीतून ऐकल्यावर तुझ्या तोंडून ‘लँडलॉर्डने डिपॉझिट बोर्डाकडे लॉज केलं नसेल तर’ असंच येणार. ऐरोलीत ते खपतं. तिथे अडखळण्याचे, गाळलेल्या तपशिलांचे गुण कापतात. आईशी रोज अर्धा तास शुद्ध मराठीत बोलायला बस, क्लास लावायची गरज नाही.

पण या सगळ्या गणितात तू एक माणूस धरलाच नाहीस. चार पानांच्या पत्रात बायकोवर एक ओळ. बी. एस्सी. नर्सिंग, स्टाफ नर्स, पूर्णविराम. अरे, तुझ्या घरातली ऑस्ट्रेलियाची भक्कम फाईल तिची आहे!

ऑस्ट्रेलियात परिचारिकांचा तुटवडा आहे आणि आरोग्य क्षेत्रातल्या अर्जांना तिथलं सरकार प्राधान्य देतं. ती २९ ची, म्हणजे वयाचे ३० गुण आणखी तीन वर्षं तरी शाबूत. ती मुख्य अर्जदार आणि तू जोडीदार, असा अर्ज करता येतो. तुझं इंजिनीअर म्हणून मूल्यांकन झालेलं असेल आणि इंग्रजीत चारही भागांत ६ असतील, तर तुझ्या नावाचे १० गुण तिच्या खात्यात जातात. पीआर दोघांना एकदम मिळते आणि तुला कुठेही, कुठलीही नोकरी करायची मोकळीक असते. तुझ्या अर्जापेक्षा हा रस्ता भक्कम दिसतो.

सोपा मात्र नाही. तिला तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे नोंदणी करावी लागेल. आपल्याकडच्या पदवीवर ती थेट होत नाही. आधी एनक्लेक्स ही संगणकावरची परीक्षा, मग ऑस्ट्रेलियात जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा, तीही स्वखर्चाने. नाइट ड्यूटी करून, सासू-सासऱ्यांचं बघून ती अभ्यास कधी करणार? तेव्हा ‘काय करू’ हा प्रश्न मला विचारण्याआधी तिला विचारायला हवा होतास. तिला जायचंय का, हे तुझ्या चारही पानांत कुठे नाही. जायचं असेल तर पुढचं वर्ष-दीड वर्ष सकाळचा डबा तू भरायचास आणि आईला दवाखान्यात तू न्यायचंस. एजंटाचे साडेतीन लाख तिच्या परीक्षांना लाव. सरकारी फी त्यात नव्हतीच बरं का. मुख्य अर्जदाराची फी पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात आहे, जोडीदाराची त्याच्या निम्मी, आणि दर जुलैत थोडी वाढते.

हे झालं व्हिसाचं. तुझा खरा प्रश्न विमानाचा आहे, आणि तिथे तुझी गफलत होतेय. पीआर मिळाली की विमान मिळेल, असं तू धरून चाललायस. या दोन रांगा आहेत, दोन खिडक्यांच्या. पहिलीत तासन्‌तास उभं राहून पोचलास तरी दुसरीत शेवटीच उभं राहायचंय.

विमानांवरचं काम म्हणजे नेमकं काय हवंय तुला? तिकडे एक गंमत आहे. आपल्याकडे एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनीअर, म्हटलं की लायसनवाला, ज्याची सही विमान सोडते. तिथे एएमई म्हणजे बिनलायसनचा कारागीर, आणि सहीवाल्याला म्हणतात लेम. इंग्रजीत त्या उच्चाराचा अर्थ लंगडा, पण हँगरमध्ये त्याच्याइतका ताठ कुणी चालत नाही. तू ‘मी भारतात एएमईंबरोबर काम केलंय’ असं बायोडेटात लिहिलंस तर तिथला वाचणारा वेगळंच समजेल.

लायसनचे नियम म्हणजे आपल्या विमान नियामकाचं, डीजीसीएचं, सीएआर-६६ आणि तिथल्या नियामकाचं, कासाचं, पार्ट ६६, दोन्ही युरोपच्या साच्यातली भावंडं. तीच मॉड्यूल, तेच बी-१ मेकॅनिकल आणि बी-२ एव्हिऑनिक्स. पण भावंडं असली म्हणून एकाच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्याला तांदूळ मिळत नाही. डीजीसीएचं लायसन असलेल्यालाही तिथे कासाकडे रीतसर अर्ज करून त्यांचं लायसन घ्यावं लागतं. तुझ्याकडे तर इकडचंही नाही. साडेसहा वर्षं तू विमानांबद्दल काम केलंस, विमानावर नाही. रागावू नकोस. टेक्निकल सर्व्हिसेसची किंमत मला माहीत आहे. रात्री अडीचला बिघाडामुळे जमिनीवर अडकलेलं (एओजी) विमान बेवर उभं असताना लाइनवरचा इंजिनीअर ज्याला फोन लावतो तो तूच. पण लायसनला लागतात ते हातात टॉर्क रेंच धरलेले तास, लॉगबुकात कुणाच्या तरी सहीने नोंदवलेले. ते तुझ्याकडे नाहीत.

त्यामुळे तुझ्यासाठी खरी दारं दोन. एक, तिथल्या विमान कंपन्यांचे अभियांत्रिकी विभाग: विश्वासार्हता, देखभालीचं नियोजन, एअरवर्दीनेस डिरेक्टिव्हचा, म्हणजे नियामकाच्या सक्तीच्या सुरक्षा-आदेशांचा, पाठपुरावा. हेच तू आज करतोस आणि यात लायसन लागत नाही. क्वांटासचं मुख्यालय सिडनीत मॅस्कॉटला, व्हर्जिन ऑस्ट्रेलियाचं ब्रिस्बेनमध्ये. पण देशाची लोकसंख्या पावणेतीन कोटी, मोठ्या विमान कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे अशा खुर्च्या थोड्या. त्या रिकाम्या झाल्या की आधी आतल्याला मिळतात. दुसरं दार उत्पादनाचं. मेलबर्नला फिशरमन्स बेंडमध्ये बोइंगचा कारखाना आहे, तिथे ७८७ च्या पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग बनतात, कार्बन कॉम्पोझिटचे. मेकॅनिकलच्या माणसाला तिथे विमानाचा वास तरी येतो.

जाहिराती चाळताना तुला सगळ्यात आकर्षक दिसतील त्या लढाऊ विमानांच्या, ड्रोनच्या, हवाई दलाच्या कंत्राटांच्या. त्या सोडून दे, निदान सुरुवातीची काही वर्षं. त्यांना सुरक्षा मंजुरी लागते आणि ती अपवाद वगळता फक्त ऑस्ट्रेलियन नागरिकाला मिळते. पीआर म्हणजे नागरिकत्व नाही. नागरिकत्वाला चार वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा असाच गेला. पहिल्या आठ महिन्यांत त्याने पाठवलेल्या अर्जांतले निम्मे या खात्यातले होते. कुणी नकारही कळवत नव्हतं. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘नागरिकत्व आवश्यक’ लिहिलेलं असतं, हे त्याने नवव्या महिन्यात वाचलं. आज तो लिफ्टच्या कंपनीत आहे, बरा कमावतो. गणपतीला फोन आला की आधी विचारतो, “काका, हँगरमध्ये कोण कोण आहे आता?” मी रिटायर झालो हे त्याला माहीत आहे, तरी विचारतो.

हे तुला चालेल का, ते स्वतःशी ठरव. पहिली दोन वर्षं लिफ्ट, रेल्वे, खाणीतले कन्व्हेअर असं काही करावं लागलं तर तू सुखी राहशील का? ‘विमानच, दुसरं काही नको’ हे तू दोनदा लिहिलंयस, एकदा खाली रेघ मारून. तसंच असेल तर माझं मत जाऊ नकोस असं आहे, निदान आत्ता.

जायचंच ठरलं तर सिडनी-मेलबर्नच्या पलीकडेही बघ. ४९१ नावाचा एक तात्पुरता व्हिसा आहे, पाच वर्षांचा. राज्याने नाव सुचवलं तर तब्बल १५ गुण देतो. अट एवढीच की सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून राहायचं. लोक ‘ग्रामीण’ शब्द ऐकूनच घाबरतात, त्यांच्या डोळ्यांपुढे तांबडी माती आणि मेंढ्या. पण त्या व्याख्येत ॲडलेड येतं आणि पर्थही येतं! पर्थहून रोज खाणकामगारांची विमानं वाळवंटातल्या धावपट्ट्यांवर जातात. आपल्याकडे जशी एमआयडीसीची बस, तशी तिथे विमानं. दोन आठवडे खाणीत, एक आठवडा घरी. या चार्टर कंपन्यांकडे जुनी फोकर-१०० सारखी विमानंही अजून उडतात, आणि जुन्या विमानाला इंजिनीअर जास्त लागतो, हे तुला सांगायला नको. तीन वर्षं तिथे राहून, कमावून, कर भरून दाखवलास की कायमच्या व्हिसाचा अर्ज करता येतो.

धंद्याची चंचलताही लक्षात ठेव. आपल्याकडे २०१९ मध्ये जेट थांबली, २०२३ मध्ये गो फर्स्ट. तिथेही २०२४ च्या एप्रिलमध्ये बोन्झा बसली आणि जुलैत रेक्स प्रशासकांच्या ताब्यात गेली. इथे नोकरी गेली तर आईच्या हातची भाजी-भाकरी असते. तिथे भाडं आठवड्याच्या हिशेबाने असतं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय विमानात बसू नकोस.

सीडीआरचं शेवटी ठेवलंय, कारण त्यावर मला तुझा कान धरायचाय. तुझं कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न, म्हणजे पदवी वॉशिंग्टन कराराखाली (देशादेशांनी एकमेकांच्या इंजिनीअरिंग पदव्या मानायचा करार) थेट धरली जाण्याची आशा ठेवू नकोस. तीन प्रसंग लिहावे लागतील, तू स्वतः केलेल्या अभियांत्रिकीचे. एजंट ‘आम्ही लिहून देतो’ म्हणतो म्हणजे दुसऱ्या कुणाचे तीन प्रसंग नाव बदलून तुझ्या माथी मारणार. इंजिनीअर्स ऑस्ट्रेलियाकडे चोरी पकडायची यंत्रणा आहे. सापडलास तर बारा महिने किंवा जास्त काळ त्यांचं दार बंद. खोटे कागद व्हिसाच्या फाईलपर्यंत गेले तर तीन वर्षं व्हिसाही विसर.

आणि कशाला हवाय दुसऱ्याचा प्रसंग? तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, विषय नसताना, तू सहज लिहून गेलायस: एका विमानाच्या कार्गो दरवाजाची ‘उघडा आहे’ अशी खोटी सूचना पावसाळ्यात पुनःपुन्हा यायची, लाइनवाले सेन्सर बदलून बदलून थकले. तू दोन पावसाळ्यांचे टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या नोंदवह्या, काढलेस. सूचना आलेल्या प्रत्येक वेळी विमान आदल्या रात्री उघड्यावर उभं होतं, हे तुझ्या लक्षात आलं. सेन्सर ठीक होता, कनेक्टरमध्ये पाणी जात होतं. मग तो कनेक्टर पावसाळ्याआधीच्या तपासणीत घातला गेला. हाच प्रसंग! याहून चांगला मला माझ्या पस्तीस वर्षांत सापडणार नाही.

फक्त तो तू कसा लिहिलायस बघ. ‘आम्ही डेटा काढला, आमच्या लक्षात आलं, आमच्या विभागाने सुचवलं.’ आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की ‘मी मी’ करू नये. घरी ते शोभतं. मूल्यांकन करणाऱ्याला मात्र ‘आम्ही’मधला तू कोणता हे कळायला हवं. किती महिन्यांच्या नोंदी तू चाळल्यास, त्यातल्या कुठल्या गाळल्यास आणि का, कनेक्टर उघडायचा निर्णय कुणाला पटवावा लागला, मॅन्युअलमधल्या कुठल्या प्रकरणाचा आधार घेतलास. वरिष्ठांनी आधी उडवून लावलं असेल तर तेही लिही. एक हजार ते अडीच हजार शब्दांत बसव. पहिला खर्डा मराठीत लिहिलास तरी हरकत नाही. मी वाचून देईन, फुकट.

आई-बाबांबद्दल तू विचारलं नाहीस, मी न विचारता सांगतो. त्यांना मागाहून कायमचं नेऊ, असं मनात असेल तर ते आजच काढून टाक. साध्या पालक व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे. चूक वाचलं नाहीस, तीसच. भरमसाट पैसे भरून रांग थोडी आखूड होते, पण तीही वर्षानुवर्षांचीच. भेटीच्या व्हिसावर ते येतील, काही महिने राहतील, थंडीला कंटाळतील आणि भाजी आणायला गाडी काढावी लागते म्हणून परत येतील. मग एकुलत्या एकाची सोय फोनवर. सिडनी-मेलबर्नला तुझे रात्रीचे साडेआठ तेव्हा इथे दुपारचे चार, उन्हाळी वेळेत तीनच. आई त्या वेळी जरा आडवी झालेली असते, तरी ती उचलेल. या विषयावर त्यांच्याशी एकदा स्पष्ट बोल, नातेवाईक नसताना.

आणि जाता जाता शेजारी काय चाललंय तेही बघ. परवा मी पुतण्याच्या गाडीतून उलव्याला गेलो होतो. जिथे टेकडी होती तिथे धावपट्टी. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन २०२५ च्या ८ ऑक्टोबरला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडताहेत. नावाचा वाद काय तो असो, आम्ही म्हाताऱ्यांनी मात्र कधीच दि. बा. पाटलांचं नाव देऊन टाकलंय. तुझ्या दारापासून ही जागा सांताक्रूझपेक्षा फार लांब नाही. देशातल्या दोन मोठ्या कंपन्यांनी २०२३ मध्ये मिळून जवळपास हजार विमानांच्या ऑर्डरी दिल्यात, ती येतील तशी कुणीतरी सांभाळावी लागणार. लायसनचे तास जमवायचे असतील तर हँगरमध्ये बदली मागायची वेळ हीच आहे. पगार थोडा उतरेल, हात काळे होतील, शिफ्टमुळे झोपेचं खोबरं होईल. पण पुढे तू इथे राहिलास तरी आणि तिच्या फाईलवर तिकडे गेलास तरी, ते तास तुझेच राहतील. बदलीचा अर्ज मात्र याच महिन्यात टाक, नव्या भरतीच्या धामधुमीत जुन्यांच्या बदल्या लवकर होतात.

तेव्हा या शनिवारी वाशीला न जाता घरी बस. आयईएलटीएसचा एक जुना पेपर दोघं मिळून सोडवा, घड्याळ लावून. तिचे गुण तुझ्यापेक्षा जास्त आले तर मला आश्चर्य वाटणार नाही. मग कनेक्टरचा खर्डा पाठव. आणि पुढच्या पत्राखाली तिचीही सही असू दे. एका सहीवर मी विमान सोडत नसे.